सव्वाएक्केचाळीस डॉलर आणि एक सेंट: सेशन गिटारवादक मिकी बेकरचं प्रकरण

१९५०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत वादकांच्या संघटनेने ठरवलेल्या दराने रेकॉर्डिंगच्या एका सेशनचे ४१ डॉलर २५ सेंट मिळत. सेशन तीन तासांचं. त्यात साधारण चार गाणी उरकायची. वाद्यवृंदाचा म्होरक्या असेल त्याला दुप्पट. गाणं गाजलं तरी वादकाला तेवढेच, पडलं तरी तेवढेच.

त्याच काळात कायद्याने ठरलेला दुसरा एक दर होता. विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे एका गाण्याचे दोन सेंट. १९०९च्या कायद्यातला हा आकडा १९७७ अखेरपर्यंत हलला नाही. रिवाजाप्रमाणे त्यातला एक सेंट गीत-संगीत रचणाऱ्याचा आणि एक प्रकाशकाचा. म्हणजे ४,१२५ प्रती खपल्या की रचनाकाराला एका गाण्यावर तेवढे पैसे मिळायचे, जेवढे गिटारवाल्याला चार गाण्यांचे मिळायचे. लाख प्रती खपल्या तर एकाचे हजार डॉलर, दुसऱ्याचे त्या गाण्यापुरते दहा डॉलर एकतीस सेंट.

मिकी बेकरने या दोन्ही आकड्यांच्या बाजूंना काम केलं. जॅझ आणि ब्लूज वाजवून पोट भरू पाहणाऱ्या गिटारवादकाने त्याची कारकीर्द बारकाईने पाहावी ती म्हणूनच. त्याच्या हातात काय होतं हे महत्त्वाचं आहेच, पण त्या हातातलं कशावर त्याचं नाव लागलं आणि कशावर नाही, याने पुढची पन्नास वर्षं ठरली.

चौदा डॉलरमध्ये मिळालं ते वाद्य

मॅकह्यूस्टन बेकर १९२५ साली केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये जन्मला. अकराव्या वर्षी अनाथाश्रमात गेला, तिथून वारंवार पळाला, आणि सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्थिरावला. मजुरी केली, भांडी घासली, पूलच्या टेबलावर पैसे लावून खेळला. एकोणिसाव्या वर्षी वादक व्हायचं ठरवलं तेव्हा मनात ट्रम्पेट होता. साठवलेले होते चौदा डॉलर, आणि गहाणवटीच्या दुकानांत तेवढ्या पैशांत गिटारच मिळत होती. संगीतशाळेत नाव घातलं, पण तिथली गती संथ वाटली म्हणून सोडलं. पुढचं शिक्षण स्वतःचं स्वतः आणि अधूनमधून खासगी शिक्षकांकडे.

कानात जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर होता. त्याच्या बीबॉप या जॅझशैलीतल्या वेगवान, वळणावळणाच्या ओळी गिटारवर बसवायच्या, हे ध्येय. १९४९पर्यंत त्याचा स्वतःचा जॅझ वाद्यवृंद उभा राहिला. पैसे देणारी कामं मात्र फारशी आली नाहीत. तो कॅलिफोर्नियाला गेला, तर तिथल्या श्रोत्यांना हे नवं जॅझ नकोच होतं. काम संपलं, परतीच्या भाड्याचीही पंचाईत.

तिथे त्याने पी वी क्रेटनचा कार्यक्रम पाहिला. टी-बोन वॉकरच्या वळणाचा हा ब्लूज गिटारवादक; १९४८ साली त्याची ‘ब्लूज आफ्टर अवर्स’ ही नुसत्या वाद्यांची रेकॉर्ड रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. त्याच्याकडे मोठी पांढरी गाडी होती, वाद्यवृंदासाठी बस होती. बेकरने पुढे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे की असं वाजवून पैसे मिळतात याचंच त्याला आश्चर्य वाटलं, उपासमार चालली होती, आणि ब्लूज त्याने तेव्हा निव्वळ पैशासाठी धरला. रिचमंड या कॅलिफोर्नियातल्या गावी काम मिळालं, भाड्यापुरते पैसे जमले आणि तो न्यूयॉर्कला परतला.

याला तडजोड म्हणून सोडून देणं चूक आहे. त्याने जे केलं ते अवघड होतं, आणि जॅझमध्ये मुरलेल्या पुष्कळ हातांना ते कधीच जमत नाही.

हात बदलायचा म्हणजे काय

आधी तारा. त्या काळी गिटारवर जाड संच असे, आणि तिसरी तारही वर बारीक तार गुंडाळलेली. अशा तारेत ताण घेतो तो आतला गाभा. वरची गुंडाळी फक्त वजन वाढवते. गाभा बारीक असल्यामुळे तार तेवढीच बाजूला सरकवली तरी स्वर साध्या तारेपेक्षा कमी चढतो. पूर्ण एक स्वर चढवायचा तर तार फार लांब ओढावी लागते, आणि मध्येच बोटाखालून निसटते. म्हणून ओढण्याचं मुख्य काम पहिल्या दोन तारांवर आलं. तिसरी तार साधी लावली की हा त्रास जातो, पण मग कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) वाजवताना तीच तार इतरांपेक्षा मोठ्याने बोलते आणि वरच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) बेसूर होते. जॅझ आणि ब्लूज एकाच गिटारवर, एकाच सेशनमध्ये वाजवणाऱ्याला हा निर्णय आदल्या दिवशी घ्यावा लागतो. तिथे गेल्यावर नाही.

मग ओढलेला स्वर. सॅक्सोफोन असलेल्या वाद्यवृंदात गाणी बहुधा बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ अशा स्केलमध्ये असतात, तेव्हा बी-फ्लॅटच घेऊ. हात सहाव्या फ्रेटवर. दुसऱ्या तारेवर नववा फ्रेट म्हणजे ए-फ्लॅट. तो ओढून बी-फ्लॅटवर न्यायचा. आधी अकरावा फ्रेट साधा दाबून बी-फ्लॅट ऐकायचा, मग नवव्यावरून ओढून त्यालाच भेटायचं. हे शंभरदा केल्यावर कान बोटाला थांबवायला शिकतो. तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट म्हणजे डी-फ्लॅट, ब्लूजचा कोमल गंधार. तो पूर्ण चढवायचा नाही. किंचित, पाव स्वरापर्यंत, आणि तिथेच ठेवायचा. मींड आणि श्रुती कानात असलेल्याला ही जागा चटकन कळते. कीबोर्डवर वाढलेल्या कानाला ती चूक वाटते, आणि तो हटकून पुढच्या फ्रेटपर्यंत ओढतो. तिथेच ब्लूज संपतो.

ओढायचं एका बोटाने नाही. अनामिका स्वरावर, मधलं आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर, अंगठा मानेच्या वरून आलेला, आणि जोर बोटांचा नसून मनगट फिरवण्याचा. जॅझचा शिकलेला हात अंगठा मानेच्या मागे मध्यावर ठेवतो. कॉर्डसाठी ते योग्यच आहे, पण तसा ठेवून तार ओढली तर आधार मिळत नाही, स्वर अर्ध्यात राहतो आणि तासाभरात हात भरून येतो. म्हणजे दर काही मात्रांनी अंगठ्याची जागा बदलायची सवय लावावी लागते. हे बाहेरून दिसत नाही, पण दोन्ही शैलींत सहज फिरणाऱ्या हाताचं मर्म तिथे आहे.

जॅझमधून आलेल्याकडे एक भांडवल असतं, आणि बेकरने ते सोडलं नाही. बारा बारच्या ब्लूजमध्ये (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) तीन कॉर्ड. नवशिका प्रत्येक कॉर्डसाठी पूर्ण हात उचलतो. बेकरसारखा वादक चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरचे दोन स्वर पाहतो. बी-फ्लॅट सेव्हनसाठी चौथ्या तारेवर सहावा फ्रेट (ए-फ्लॅट), तिसऱ्या तारेवर सातवा (डी). ई-फ्लॅट सेव्हन आली की दोन्ही बोटं एक फ्रेट खाली: जी आणि डी-फ्लॅट. एफ सेव्हन आली की मूळ जागेहून एक फ्रेट वर: ए आणि ई-फ्लॅट. बस. कॉर्डचा मूळ स्वर बेसकडे आहे, उरलेलं पियानोकडे. दोन बोटं एक फ्रेट खाली-वर सरकतात आणि सबंध ब्लूज उलगडतो. वर हवा तर नववा स्वर घालायचा: ई-फ्लॅटसाठी पाचव्या तारेवर सहावा फ्रेट, चौथ्यावर पाचवा, तिसऱ्या आणि दुसऱ्यावर सहावा. टी-बोन वॉकरने हेच नाइन्थ कॉर्ड एका फ्रेटवरून सरकवत आणून ब्लूजला श्रीमंती दिली, आणि जॅझ शिकलेल्याला ते आधीपासून येत असतात.

जॅझवाल्याला सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. ब्लूजच्या बारा बारांत चार-चारच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीत गायक साधारण पहिले दोन बार घेतो. गिटारची जागा तिसरा-चौथा, सातवा-आठवा, आणि शेवटचे दोन, जिथून गाणं परत वर फिरतं. उरलेले सहा बार ठेका धरायचा. पार्करच्या ओळी बोटात घोळत असलेल्याला या सहा बारांत काहीतरी सुचतच असतं. ते वाजवलं की गायकाचे शब्द झाकले जातात आणि पुढच्या सेशनला दुसऱ्याला बोलावणं जातं.

तीन तासांची खोली

न्यूयॉर्कला परतल्यावर सॅवॉय, किंग, अॅटलांटिक या कंपन्यांकडे बेकर वाजवू लागला. रे चार्ल्स, रूथ ब्राउन, बिग जो टर्नर, ड्रिफ्टर्स, स्क्रीमिन जे हॉकिन्स अशा कितीतरी जणांच्या मागे ही गिटार आहे. अॅटलांटिकचं सुरुवातीचं रेकॉर्डिंग ५६व्या रस्त्यावरच्या कचेरीतच चाले. दिवसा तिथे कारकुनी. रेकॉर्डिंगच्या वेळी टेबलं भिंतीला लावून माइक मांडायचे. ध्वनियंत्रणा टॉम डाउड सांभाळत. कंपनीकडे आठ ट्रॅकचं यंत्र आलं ते १९५८च्या सुमाराला. त्याआधी सगळे एकत्र वाजवत, आणि जे माइकवर आलं तेच टेपवर.

याचा गिटारवाल्यासाठी अर्थ असा: तीन तास म्हणजे १८० मिनिटं, चार गाणी म्हणजे प्रत्येकी ४५. त्यातून माइक लावणं, संतुलन साधणं, एक-दोन तालमी आणि विश्रांती वजा केली की प्रत्यक्ष टेकसाठी, म्हणजे गाणं सलग वाजवून टेपवर घ्यायला, वीस-पंचवीस मिनिटं उरतात. गाणं तीन मिनिटांच्या आतलं. अडीचाव्या मिनिटाला गिटार चुकली तर सॅक्स, पियानो, ड्रम आणि गायक, सगळ्यांचा तो टेक वाया. गायकाचा गळा चौथ्या टेकनंतर उतरायला लागतो. चूक गिटारची आणि किंमत गळ्याची, म्हणून सेशनमध्ये चमकदार वादकापेक्षा न चुकणारा वादक आधी बोलावला जातो.

बिघडतं काय? अॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) मोठा ठेवला की गिटार गायकाच्या माइकमध्ये शिरते. आता ती खाली करायची तर गायकही खाली जातो. उपाय एकच, अॅम्प वळवायचा किंवा आवाज उतरवायचा, तोही टेकच्या आधी. गिटारवर सिंगल-कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारं एकाच गुंडाळीचं चुंबक) असेल तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर पकडतो. खुर्चीवर बसूनच अंग हळूहळू फिरवत न्यायचं, घरघर सगळ्यात कमी होते ती दिशा सापडली की खुर्ची तिथे ठेवायची आणि सेशन संपेपर्यंत हलवायची नाही. पियानो ४४० या प्रमाण पट्टीलाच लागलेला असेल असं धरून चालायचं नाही. पियानोच्या पट्टीला गिटार लावायची, आणि नव्या तारा आदल्या दिवशी चढवून ओढून बसवायच्या, नाहीतर दुसऱ्या गाण्यापर्यंत उतरतात. पाय जमिनीवर आपटून ताल धरणाऱ्याचा बूट टेपवर येतो. आणि पियानोवाला डाव्या हाताने जिथे वाजवतोय तिथेच गिटारने जाड कॉर्ड धरली की दोघांचाही चिखल होतो. तेव्हा वर सांगितलेले ते दोन स्वरच पुरेत.

पैशाचं कोडं

आठवड्याला पाच सेशन मिळाली तर २०६ डॉलर २५ सेंट. दहा मिळाली तर ४१२.५०. पण हा धबधबा फोनवर अवलंबून. आजारी पडलं की शून्य, आणि रेकॉर्डवर वादकाचं नाव छापायची पद्धतच नव्हती.

बेकरने यावर दोन वाटा काढल्या, आणि दोन्ही त्याने सेशन जोरात चालू असतानाच काढल्या. पहिली पुस्तकाची. १९५५ साली त्याचा जॅझ गिटारचा अभ्यासक्रम छापून आला. पहिल्याच धड्यात कॉर्डच्या २६ आकृत्या, कुठलीही प्रस्तावनेची पाल्हाळ नाही: या पाठ करा, मग पुढे या. साध्या कॉर्डच्या जागी जॅझची कॉर्ड कशी बसवायची हे तो धड्याधड्याने करून दाखवतो. शिकवण्याचा हा आडदांड मार्ग सगळ्यांना मानवत नाही, आणि नोटेशन शिकण्यासाठी तो उपयोगाचा नाही. पण सेशनला जाणाऱ्याला नेमकं काय हातात लागतं ते त्यात आहे. ते पुस्तक पन्नासहून जास्त वर्षं छापलं जात राहिलं. सेशन एकदा पैसे देतं. हे पुस्तक प्रत्येक नव्या पिढीला पुन्हा विकलं गेलं.

दुसरी वाट जोडीची. गिटारवादक लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्ड या जोडीच्या यशाकडे पाहून बेकरने आपली गिटारची विद्यार्थिनी सिल्व्हिया हिच्याबरोबर ‘मिकी अँड सिल्व्हिया’ ही जोडी बांधली. १९५६च्या अखेरीस आलेली ‘लव्ह इज स्ट्रेंज’ १९५७ साली रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली आणि पॉपच्या यादीत अकरावी आली. आता लेबलवर नाव होतं.

पण त्या गाण्याची ओळख असलेली गिटारची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, दुसऱ्या एका सेशन गिटारवादकाच्या हातातली होती. शिकागोचा जोडी विल्यम्स. हाउलिन वुल्फ आणि बो डिडली यांच्या रेकॉर्डवर वाजवणारा, तेव्हा विशीतला. त्याने १९५६ साली बिली स्टुअर्टच्या ‘बिलीज ब्लूज’मध्ये ती वाजवली होती. ‘लव्ह इज स्ट्रेंज’वर रचनाकार म्हणून बो डिडलीच्या पत्नीचं, एथेल स्मिथचं, नाव लागलं आणि मिकी-सिल्व्हियाचंही. विल्यम्सचं नाही. वाद न्यायालयात गेला, १९६१ साली संपला, आणि विल्यम्सच्या हाती काही पडलं नाही. त्याने हळूहळू धंद्यातून अंग काढलं, इलेक्ट्रॉनिक्स शिकला, झेरॉक्स कंपनीत तंत्रज्ञ म्हणून दीर्घकाळ नोकरी केली. गिटार कित्येक वर्षं बंद राहिली. २००२ साली त्याचा नवा अल्बम आला तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता.

या ठिकाणी बेकरच्या बाजूने बोलणं मला शक्य नाही. सव्वाएक्केचाळीस डॉलरमध्ये आपली कल्पना विकली जाते म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरी त्याच धंद्यातल्या एका तरुणाच्या रिफवर त्याचं सगळ्यात मोठं यश उभं राहिलं.

यामागची यंत्रणाही समजून घ्यायला हवी. त्या काळी अप्रकाशित गाण्याची नोंद होई ती कागदावर उतरवलेल्या चालीची आणि शब्दांची. ध्वनिमुद्रण नोंदीसाठी चालत नसे. ध्वनिमुद्रणाला स्वतःचं केंद्रीय संरक्षण मिळालं तेच मुळी १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्यामुळे खोलीत, दुसऱ्या टेकच्या आधी, गिटारवाल्याला सुचलेली चार बारांची रिफ कागदावर कुठेच नसायची. लोक रेकॉर्ड ओळखायचे त्या रिफवरून, आणि कायदा ओळखायचा चालीवरून.

जोडी १९५८च्या अखेरीस सुटली, मग अधूनमधून जमत राहिली. सिल्व्हिया पुढे स्वतः कंपनीची मालक झाली. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ काढणारी शुगर हिल ही तिचीच. बेकर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसला गेला, तिथे रॉनी बर्ड, शांताल गोया यांच्यासारख्या फ्रेंच गायकांबरोबर काम केलं आणि फ्रान्समध्येच राहिला. २७ नोव्हेंबर २०१२ रोजी तुलूझजवळ वारला.

फॉर्म

अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर वादकाला आजही काही मिळत नाही. डिजिटल प्रसारणाचं मात्र वेगळं आहे. १९९५च्या कायद्यापासून वैधानिक परवान्याने होणाऱ्या प्रसारणाच्या मानधनातले पाच टक्के नाव नसलेल्या कलाकारांसाठी राखून आहेत: अडीच वादकांचे, अडीच साथीच्या गायकांचे. २०१८च्या कायद्याने १९७२च्या आधीची ध्वनिमुद्रणंही या मानधनाखाली आणली. वादक आणि गायकांच्या संघटनांचा एक निधी हे पैसे वाटतो.

वाटायला आधी कळायला हवं की त्या दिवशी गिटारवर कोण होतं. लेबलवर ते नाही. ते असतं संघटनेच्या रेकॉर्डिंग करारपत्रावर, ज्याला बी-४ म्हणतात: तारीख, जागा, कंपनी, गाण्यांची नावं, आणि खाली वादकांची यादी दरासकट. जिथे हे पत्र हरवलं किंवा सेशन संघटनेच्या बाहेर, रोखीत झालं, तिथे आज जाणकार कानाने अंदाज बांधतात आणि सूचीत नावापुढे ‘बहुधा’ लिहितात. बेकरच्या बाबतीत नावांचाही घोळ आहे: लेबलांवर तो कुठे मिकी बेकर, कुठे मिकी ‘गिटार’ बेकर, कुठे बिग रेड मॅकह्यूस्टन.

सेशन संपल्यावर पत्रावर संघटनेत नोंदलेलंच पूर्ण नाव आहे ना, चारही गाण्यांची नावं आली आहेत ना, आयत्या वेळी नाव बदललेल्या गाण्याचं जुनं नावही लिहिलंय ना, दुसरं वाद्य वाजवलं असेल तर ते वेगळं नोंदलंय ना, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. प्रत मागून घ्यायची. चार बारांची रिफ आपली असेल तर ती टेकच्या आधी कागदावर उतरवून, तारीख घालून, गाण्याच्या रचनेत आपला वाटा किती हे त्याच वेळी विचारायचं. हे बोलणं अवघड असतं, कारण समोरचा पुढच्या आठवड्याचं काम देणारा असतो. तरी ते गिटार पेटीत ठेवायच्या आधीच करायचं. नंतर ते करायला वकील लागतो.